वनवासातला टारझन

होमी वाडिया यांचा ‘झिंबो’ १९५८ साली पडद्यावर आला, तेव्हा त्याची गोष्ट मुंबईच्या प्रेक्षकाला नवी नव्हती. एकवीस वर्षांपूर्वी, १९३७ साली, याच होमी वाडियांनी वाडिया मूव्हीटोनसाठी ‘तूफानी टारझन’ काढला होता, आणि ‘झिंबो’ ही त्याचीच नवी, रंगीत आवृत्ती होती. नायकाचे नाव बदलले, जॉन कावसच्या जागी आझाद आला, जोडीला पेड्रो नावाचा चिंपांझी आला, संगीताला चित्रगुप्त आले. चित्रपट चालला. मग १९६० साली ‘झिंबो कम्स टू टाउन’ आणि १९६६ साली ‘झिंबो का बेटा’ निघाला. या दोन्हींचा दिग्दर्शक जॉन कावस होता, म्हणजे १९३७ सालचा टारझनच आता कॅमेऱ्यामागे उभा राहून पुढच्या पिढीच्या नटाला वेलीवरून झोके घ्यायला लावत होता. जवळजवळ तीस वर्षे एकाच घराण्यातल्या आणि एकाच कंपूतल्या माणसांनी रानातला हा पुरुष पुन्हा पुन्हा घडवला. तरीही आपल्या चित्रपटसमीक्षेने या मालिकेची बोळवण एका वाक्यात केली आहे: हॉलिवूडची स्वस्त नक्कल. हे वाक्य चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. मुंबईने टारझन उचलला हे खरे, पण उचलताना त्याच्या गोष्टीचा गाभा पालटला. रानाचा राजा असलेल्या माणसाला तिने वनवासातले हरवलेले मूल केले. या पालटामुळे हे चित्रपट आपले झाले, आणि याच पालटामुळे त्यांना समोरचे रान दिसेनासे झाले. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आल्या आहेत, म्हणून त्या एकत्रच सांगायला हव्यात.

मूळ गोष्ट आधी पाहू. एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाची टारझनकथा १९१२ साली एका मासिकात आली आणि १९१४ साली तिचे पुस्तक झाले. त्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अडकलेले इंग्रज उमराव जोडपे मरते आणि त्यांचे तान्हे बाळ काला नावाची वानरी वाढवते. या मुलाला कुणी शोधत नाही. तो स्वतःच्या बळावर वानरांचा प्रमुख होतो, बापाच्या खोपटात सापडलेल्या पुस्तकांवरून आपला आपण वाचायला शिकतो. बरोजला ठसवायचे आहे ते हे, की उमरावाचे रक्त कुठेही वाढले तरी राज्यच करणार. तो ग्रेस्टोक घराण्याचा वारस आहे हे कशावरून सिद्ध होते, तर बापाच्या रोजनिशीच्या पानावर उमटलेल्या बाळाच्या बोटांच्या ठशांवरून. बोटांचे ठसे हे त्या काळातले अगदी ताजे पोलिसी तंत्र होते. त्याचे पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात उघडले आणि तिथल्या अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा त्या पद्धतीच्या घडणीत मोठा वाटा होता. साम्राज्याने प्रजेवर नजर ठेवायला वापरलेले साधन कादंबरीत साम्राज्याच्या वारसाची ओळख पटवायला येते. आणि ती ओळख पटल्याची तार हातात पडल्यावर टारझन काय करतो, तर गप्प राहतो, किताब आणि प्रेयसी दोन्हींवर पाणी सोडतो. त्याला नात्याची गरज नाही. तो एकटा पुरा आहे.

आता ‘तूफानी टारझन’ पाहावा. रामू नावाचा शास्त्रज्ञ बायको उमा आणि लहानग्या मुलासह रानात राहून मृत्यूवर मात करणारे औषध शोधतो आहे. औषध सापडते आणि त्याच वेळी घरावर संकट कोसळते. बाप औषधाचा कागद ताइतात घालून तो मुलाच्या गळ्यात बांधतो, आणि मुलाला मोती या कुत्र्यासह फुग्यात बसवून आकाशात सोडतो. बाप मरतो. आई मात्र मरत नाही. ती भ्रमिष्ट होऊन त्याच रानात भटकत राहते, आणि दादा नावाचा अर्धा वानरासारखा सेवक तिला सांभाळतो. पंधरा वर्षांनी मुलाचे आजोबा नातवाच्या शोधात येतात. सोबत त्यांची मानलेली मुलगी लीला, शहरी आणि नखरेल, आणि बिहारीलाल हा खलनायक. पुढे झोके आहेत, सिंह आहेत, मारामाऱ्या आहेत, लीलेची जलक्रीडा आहे. पण कथेची सारी ओढ पुनर्भेटीकडे आहे. मूल हरवले आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते, त्याची आई जिवंत आहे हे ठाऊक असते, आणि गळ्यातला ताईत दर प्रसंगी डोळ्यांसमोर असतो. बरोजच्या टारझनला कुणी शोधत नव्हते. या टारझनला त्याचे अख्खे घर शोधते आहे.

हा ताईत कुठून आला? बरोजच्या कादंबरीतही टारझनच्या गळ्यात आईचे लॉकेट असते, पण त्याने काहीच जुळून येत नाही. ठसे पटावे लागतात. ताइताने माणूस ओळखला जाणे ही आपल्याकडची फार जुनी युक्ती आहे, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात आहे. दुष्यंत आश्रमात येतो तेव्हा एक मूल सिंहाच्या छाव्याला ओढून त्याचे दात मोजू पाहत असते. त्याच्या मनगटावरचा अभिमंत्रित वनस्पतीचा ताईत गळून पडतो. आईबाप किंवा तो मुलगा स्वतः यांच्याखेरीज कुणी तो उचलला तर त्याचा साप होऊन डसायचा. दुष्यंत सहज उचलतो आणि काही होत नाही, आणि तापसींच्या लक्षात येते की बाप आला. सिंहाशी खेळणारे रानातले मूल, ताईत, दुःखात झिजलेली आई, शोधत आलेले राजघर. टारझनचा मुंबई अवतार जन्मायच्या कितीतरी आधी त्याचा आराखडा इथे तयार होता. आणि हे काही संस्कृत पंडितांपुरते राहिलेले नाटक नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून ही गोष्ट मराठी घरांत गाण्यांसकट पोहोचली होती, आणि छाव्याचा जबडा उघडणारा भरत छापील चित्रांतून भिंतीवर होता. एक योगायोगही नोंदवण्याजोगा आहे. वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ परळच्या लवजी कॅसलमध्ये होता. १९४२ साली ती जागा व्ही. शांताराम यांच्याकडे गेली, तिथे राजकमल कलामंदिर उभे राहिले, आणि त्याचा पहिला चित्रपट १९४३ सालचा ‘शकुंतला’. ज्या आवारात ताईत बांधलेला टारझन घडला, तिथेच सहा वर्षांनी ताईत बांधलेला भरत घडला.

होमींचे थोरले बंधू जे. बी. एच. वाडिया यांनी ‘शाकुंतल’ समोर ठेवून पटकथा रचली, असा माझा दावा नाही. तसा पुरावा मजजवळ नाही आणि त्याची गरजही नाही. वनवास, भ्रमिष्ट माता, वियोग, खूण आणि ओळख ही सामग्री इथल्या कथाकाराला शोधावी लागत नाही. लवकुशांची गोष्ट त्याच जातीची. उलट वाडिया बंधूंच्या कारखान्यात ती सामग्री कायम वापरात होती. याच होमी वाडियांनी १९४२ साली बसंत पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढून चेंबूरला स्टुडिओ उभारला आणि तिथे ‘श्री गणेश महिमा’, ‘हनुमान पाताळ विजय’ हे पौराणिकपट काढले, ‘हातिमताई’ काढला. उडणारा मारुती आणि झोके घेणारा झिंबो एकाच स्टुडिओच्या छताखाली, बहुधा त्याच तारांवर लोंबकळत होते. दादा हा वानरतोंड्या, अफाट ताकदीचा आणि मालकिणीपायी जीव टाकणारा सेवक पाहताना मारुतीची आठवण न होणारा प्रेक्षक त्या काळी विरळाच असणार.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हॉलिवूडच्या टारझनलाही कुटुंब मिळाले होते ना? १९३२ साली जॉनी वाइसम्युलर एमजीएमच्या चित्रपटात टारझन झाला, आणि १९३९ सालच्या ‘टारझन फाइंड्स अ सन’मध्ये त्याला मुलगाही मिळाला. १९४२ साली तो न्यूयॉर्कला जाऊन आला. मग ‘झिंबो कम्स टू टाउन’ आणि ‘झिंबो का बेटा’ ही सरळ त्यांची सावली नाही का? नावांपुरती आहे, हे मान्यच करावे लागेल. वाडियांना बाजार कळत होता आणि चाललेली नावे ते सोडत नव्हते. पण नावावर न थांबता आत पाहावे. १९३९ सालच्या त्या चित्रपटात विमान कोसळून आईबाप मरतात, टारझन आणि त्याची जोडीदार जेन ते बाळ आपले म्हणून वाढवतात, आणि काही वर्षांनी मुलाचे नातेवाईक शोधत येतात. त्यांतल्या काहींचा डोळा वारशाच्या पैशावर असतो. म्हणजे तिथे शोधत आलेले नातलग हेच संकट, आणि त्यांना परतवून झाडावरचे घर जपणे हा आनंदी शेवट. मुंबईच्या चित्रपटात शोधत आलेले आजोबा हाच आधार. प्रसंग जवळजवळ तोच, पण भावनेची दिशा उलटी. नक्कल करणारा माणूस प्रसंग उचलतो तेव्हा सोबत भावनाही उचलतो. इथे ती उचललेली नाही. शिवाय काळही पाहावा: ‘तूफानी टारझन’ १९३७ चा, वाइसम्युलरला मुलगा मिळाला तो १९३९ ला. म्हणजे त्या चित्रपटाची नक्कल परळला होणे शक्यच नव्हते.

हे चित्रपट कुणासाठी होते, याचाही विचार करायला हवा. वाडियांच्या स्टंटपटांचा हुकमी प्रेक्षक हा स्वस्त तिकिटाचा, कामकरी प्रेक्षक होता. १९३५ च्या ‘हंटरवाली’ने स्टंटनटी नाडियाला घराघरांत नेले ते याच प्रेक्षकाच्या जोरावर. लवजी कॅसलच्या आसपास गिरण्यांची धुराडी होती आणि त्या गिरण्यांत कोकणातून, सातारा-कोल्हापुराकडून आलेली माणसे होती. त्यांची कुटुंबे बहुतेक गावीच असत. मनीऑर्डर जायची, पत्र यायचे, वर्षातून एकदा गाठ पडायची. नात्यांचा आणि ताटातुटीचा टारझन त्यांना भावला असेल तर त्याचे नवल नाही. त्यांच्या मनात काय होते ते कुणी लिहून ठेवलेले नाही, म्हणून या निष्कर्षावर मी फार भार टाकत नाही. पण धंद्याचा पुरावा भार टाकण्याइतका पक्का आहे. जो निर्माता एकवीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा काढतो आणि नंतर तिचे दोन उत्तरार्ध निघू देतो, त्याला ती गोष्ट प्रेक्षकाला हवी आहे हे नक्की ठाऊक असते.

इथवर बाजू मांडली ती मनापासून. आता या गोष्टीची किंमत कुणी मोजली ते पाहू. वनवासाच्या कथेत रान हे तात्पुरते ठिकाण असते. तिथे जायचे, सोसायचे आणि परत यायचे. कथेला घर हवे असते, आणि ते घर नेहमी रानाबाहेरच्या माणसांचे असते. मग जे लोक रानातच जन्मले, ज्यांना परतायला दुसरे कुठलेच ठिकाण नाही, त्यांचे काय करायचे? पुराणांनी त्यांना ऋषी, वानर किंवा राक्षस केले. वाडियांच्या चित्रपटांत ऋषी गळाले आणि उरले ते पिसे लावून, भाले नाचवत, न कळणारे आवाज काढत येणारे घोळके. त्यांना नाव नाही, आई नाही, मूल नाही. ज्या चित्रपटात एका मुलाच्या हरवण्याने अख्खे रान हलते, त्यात या घोळक्यातला एखादा मेला तर त्याच्यासाठी कुणी थांबत नाही. दादाला काळे फासून, केसाळ करून हसण्याचा विषय केले आहे, तेही याच हिशोबातले. त्याची निष्ठा पडद्याला हवी आहे, त्याचे माणूसपण नको आहे.

आणि हे रान काही आफ्रिकेत नव्हते. मी हे मीरा रोडला बसून लिहितो आहे, म्हणून मला ते टाळून पुढे जाता येत नाही. स्टेशनापासून पूर्वेला निघाले की काशिमीऱ्याच्या पुढे घोडबंदर रस्त्याला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या रानात आजही बिबटे आहेत, आणि त्याच्या कडेला माशाचा पाडा, दाचकूल पाडा, चेणे अशा वस्त्यांत आदिवासी कुटुंबे आहेत. वारल्यांचा वाघाशी असलेला संबंध पाहायचा तर वाघोबाचे ठाणे पाहावे. लाकडावर किंवा दगडावर कोरलेली वाघाची आकृती, बहुधा सोबत सूर्य आणि चंद्र, वर शेंदूर. अश्विनात वाघबारशीला त्याची पूजा होते, कोंबडा किंवा नारळ वाहिला जातो आणि गुराढोरांचे व माणसांचे रक्षण कर, असे त्याला सांगितले जाते. इथे वाघाशी कुस्ती खेळून त्याच्या छातीवर पाय ठेवणारा पुरुष लागत नाही. वाघ शेजारी आहे, त्याच्याशी करार आहे, आणि तो करार दर वर्षी नव्याने करावा लागतो. टारझनच्या कुठल्याही चित्रपटात, अमेरिकन असो वा मुंबईचा, रानात राहण्याची ही समज नाही.

मुंबईला हे ठाऊक असण्याची साधने नव्हती, असेही म्हणता येत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांचा अहवाल दिला आणि त्यात सावकारी व वेठीचे वर्णन होते. समाजशास्त्रज्ञ घुर्ये मुंबई विद्यापीठात बसून आदिवासींच्या भवितव्यावर लिहीत होते; तो ग्रंथ १९४३ साली निघाला. के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे पुस्तक १९४५ साली मुंबईतच छापले गेले. त्याच वर्षी २३ मे रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या झरी गावी वारल्यांची सभा भरली आणि वेठ करणार नाही, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी लग्नगडी म्हणून राबणार नाही, असे त्यांनी ठरवले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे मेली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा लढा लिहून ठेवला आहे. मीरा रोडवरून पुढे जाणारी हीच रेल्वेची लाइन त्या भागात, डहाणूला, उंबरगावला जाते. रानातल्या माणसाला नाव होते, मागणी होती, आणि तो गोळी खात होता. तेरा वर्षांनी निघालेल्या ‘झिंबो’त तो पुन्हा पिसे लावून आला.

करमणुकीच्या चित्रपटावर एवढे ओझे का टाकावे, असे कुणी विचारील. जे. बी. एच. वाडियांच्या बाबतीत तरी हा बचाव पुरत नाही. ते एम. ए., एलएल. बी. झालेले, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, स्टंटपटांतही स्वातंत्र्य आणि स्त्रियांची बरोबरी यांची वाक्ये पेरणारे गृहस्थ होते. नाडियाच्या हाती चाबूक देताना ज्यांना स्त्रीकडे नव्याने पाहता आले, त्यांना वारल्याकडे नव्याने पाहता आले नाही. याला दुष्टावा म्हणता येणार नाही. गोष्टीच्या साच्यात ती जागाच नव्हती, इतकेच. त्यांच्या पूर्वजांनी, लवजी नसरवानजींपासून पुढे, मुंबईच्या गोदीत सागवानाची जहाजे बांधली. १८१७ सालचे त्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला आजही उभे आहे. मुंबईने रानाकडे लाकूड म्हणून पाहिले आणि पुढे देखावा म्हणून पाहिले. दोन्हींमध्ये तिथल्या माणसाची विचारपूस नव्हती. वाडियांना एकट्यांना यात दोषी धरणे अन्यायाचे होईल. १९६२ साली एमजीएमचा ‘टारझन गोज टू इंडिया’ भारतात चित्रित झाला. त्यात जॉक माहोनी टारझन होता, सोबत फिरोज खान आणि सिमी गरेवाल होते. धरणाच्या पाण्यात बुडणाऱ्या खोऱ्यातून हत्ती वाचवायचे, अशी त्याची गोष्ट. देशात ठिकठिकाणी धरणे बांधली जात असताना टारझनला हत्ती वाचवावेसे वाटले, यात वाईट काही नाही. पण बुडणाऱ्या खोऱ्यातली माणसे हा कथेचा विषय झाला नाही. मोठ्या पैशाचा, मोठ्या देशाचा चित्रपटही तिथेच अडला.

आणि दुसरी वाट होती, हे १९७७ साली सिद्ध झाले. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी काढलेल्या ‘जैत रे जैत’मध्ये गाणी भरपूर आहेत, डोंगर आहे, साहस आहे, प्रेम आहे, आणि मधमाश्यांच्या पोळ्यांवर चालून जाणारा नायकही आहे. पण नाग्या ठाकर आहे, त्याचे घर त्याच डोंगराखाली आहे आणि त्याला कुणी शोधायला येण्याची गरज नाही. कलावंत शहरी होते, कवी आणि संगीतकार बाहेरचे होते, हे मान्य करूनही तो चित्रपट रानाला घर समजतो. त्याच्यापुढे ठेवले की झिंबो-मालिकेचे यश आणि अपयश दोन्ही नेमके दिसतात.

म्हणून वाचकाला माझे सांगणे एवढेच आहे, की ‘तूफानी टारझन’ आणि ‘झिंबो’ सलग पाहावेत आणि नक्कल किती हे मोजण्यात वेळ घालवू नये. ताईत कधी कधी दिसतो ते पाहावे, आई रानात फिरते ते प्रसंग पाहावेत, आणि घोळका पडद्यावर आला की त्यातल्या एखाद्या चेहऱ्यावर नजर ठेवावी. तो चेहरा कुणाचा, हे श्रेयनामावलीत सापडत नाही. या मालिकेचे कागद फार झपाट्याने नाहीसे होत आहेत. गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर, थिएटरच्या काचेत लावायचे फोटो रद्दीत गेले किंवा संग्राहकांच्या कपाटांत गेले. कुणाच्या घरी, माळ्यावर, जुन्या पेटीत बसंत पिक्चर्सचे किंवा वाडिया मूव्हीटोनचे असे काही असेल, तर ते फेकू नये, विकूही नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे द्यावे. आणि घरातल्या किंवा पाड्यावरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने या चित्रपटांच्या घोळक्यात कधी काम केले असेल, तर त्याचे नाव आणि त्याची हकिकत आजच लिहून घ्यावी.